आईच्या ओट्याशी गाडी लावताना

गाडी चालवायला मी आठ दिवसांत शिकले. गाडी उभी करायला मला सव्वा वर्ष लागलं. मधल्या काळात पांढुर्ण्याचे लोक मला पाहून रस्त्याच्या कडेला सरकायचे. तेव्हा वाटायचं, केवढा मान देतात बाई आपल्याला! ते जीव वाचवत होते, हे समजायला वय व्हावं लागलं.

ऐंशीच्या दशकातली ती तिशी ओलांडलेली बाई आज माझ्यासमोर आली, तर मी तिला ओळख देणार नाही. डोळ्यांवर काळा गॉगल, अंबाड्यावर रुमाल बांधलेला, आणि पुढचं दिसावं म्हणून बुडाखाली दोन उशा. गावात गाडी चालवणारी बाई म्हणजे आपणच, हा तोरा चेहऱ्यावर. त्या तोऱ्यात हॉर्न वाजवायची इतका, की बैलसुद्धा वैतागून वळून बघत.

गाडी आमच्या यांनी नागपूरहून आणली होती, जुनी. रंग कच्च्या संत्र्याचा. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, हँडब्रेक नावापुरता, आणि आरसा एकच, उजवीकडे. डावीकडे आरसाच नव्हता, त्या काळी पुष्कळ गाड्यांना नसायचा. त्यामुळे डावीकडचं सगळं जग मी देवाच्या भरवशावर सोडलेलं होतं.

यांचा धंदा संत्र्याचा. तिगावच्या बाजूला बगीचा होता, शिवाय दुसऱ्यांचे बगीचे घेऊन माल बाहेरगावी पाठवायचे. हंगामात पहाटेच उठून जायचे आणि परतताना स्टिअरिंगवर पेंगायचे. एकदा गाडी निंबाच्या झाडाला टेकवून तिथंच झोपले. तेव्हा सासूबाईंनीच फर्मान काढलं, "सुनेले शिकव. तिले दुपारी झोपाची सवय नाई." माझं ड्रायव्हिंग असं सुरू झालं. सासूबाईंना मी पुरोगामी वगैरे म्हणणार नाही. त्यांना मुलगा जिवंत हवा होता, एवढंच.

माझा नियम एकच होता. पुढून शिरायचं आणि पुढूनच निघायचं. मागे घ्यायची वेळच येऊ द्यायची नाही. अशी जागा आमच्या भागात स्टेशनासमोरच होती, मोकळी. मग भाजी आणायची तर मी घरून स्टेशनपर्यंत गाडीनं जायची, तिथून बाजारापर्यंत पायी, आणि भरलेल्या पिशव्या घेऊन पुन्हा स्टेशनपर्यंत पायी. बाजार आमच्या घरापासून चार घरं सोडून होता.

त्यात सासूबाईंची एक अट. गाडी कुठंही उभी केली तरी तिचं तोंड दक्षिणेला नको. "लक्ष्मी हाय घरची ते. यमाच्या दाराकडं तोंड करून कायले उभी करतं तिले?" घरात ठीक होतं, दिशा पाठ होत्या. पण परक्या जागी, भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना दक्षिण कुठली, हे त्या गॉगलवाल्या बाईला काय कळणार! ती काच खाली करून वाटसरूंना विचारायची, "भाऊ, दक्षिण कोणीकडे हो?" एकानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "बाई, तुमाले जाचं कुठी हाय, ते सांगा ना." मी म्हटलं, "कुठीच नाई, थांबाचं हाय." तो बिचारा सायकल हातात घेऊन बराच वेळ माझ्याकडे वळून वळून बघत गेला.

हे सगळं हसण्यावारी चाललं असतं. पण त्याच वर्षी सौसरला माझी आई न्हाणीत घसरली आणि तिचा खुबा मोडला. नागपूरला नेऊन आत सळई बसवली. हाड जुळलं, पण पाय गुडघ्यातून वाकेना. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी तिच्याजवळ होते, तिचं सगळं नीट करत होते. ती खाटेवरून उठून भिंत धरत धरत ओट्यापर्यंत यायची. तिचं जग तिथं संपायचं.

तिला रामाकोन्याला जायचं होतं. ते तिचं माहेर. सौसरहून काही लांब नाही, पण लांब-जवळ हे ज्याचे पाय चालतात त्याच्यासाठी. बसच्या पायऱ्या तिला चढता येत नव्हत्या, छोट्या रेल्वेच्या तर त्याहून उंच. बैलबंडीत बसवावं तर हिसक्यांनी खुबा ठणकायचा. माहेरी तिचं कोणी उरलंही नव्हतं. भाचे घर विकून कुठं कुठं पांगले होते, घरात परकी माणसं राहत होती. मी एकदा म्हटलं, "आई, तिथं आता कोण हाय तुयं?"

ती म्हणाली, "घर हाय ना. एक डाव डोळ्यानं पाहतो नि येतो."

मग माझ्याकडे पाहून तिनं अगदी सहज विचारलं, "तुया गाडीत पुढं बसलं त् पाय लांब करता येते का वं?"

येत होता. पुढच्या डाव्या सीटवर पाय लांब करता येत होता. मी फुशारकीनं सांगून टाकलं, "हो! पुढच्या खेपेले गाडीच घेऊन येतो. तयार राह्यजो."

आता सौसरची आमची गल्ली कशी होती ते सांगते, म्हणजे त्या फुशारकीची किंमत कळेल. मोठ्या रस्त्यावरून निघून ती सरळ दक्षिणेला जाते आणि विहिरीपाशी संपते. पलीकडे वाट नाही. एका बाजूला घरांचे ओटे, दुसऱ्या बाजूला उघडी नाली आणि तिच्यापलीकडे समोरची घरं. गाडी पुढून आत घातली तर तिचं तोंड दक्षिणेला. ते एक सोडा, पण आईचा ओटा येणार ड्रायव्हरच्या बाजूला. आईला बसवायचं डावीकडे, आणि गाडीला वळसा घालून जायला नालीकडे पाय ठेवायलाही जागा नाही. म्हणजे मोठ्या रस्त्यावरून गाडी उलटीच आत घ्यायची, साठ-सत्तर पावलं, ओटे आणि नालीच्या मधून. आणि आईच्या ओट्याला नेमकं डावं दार लावायचं.

पहिल्यांदा गाडी घेऊन गेले तेव्हा मोठ्या रस्त्यावरून गल्लीकडे मान वळवून पाहिलं. एका ओट्यावर पापड वाळत होते, एक शेळी गल्लीच्या मधोमध बसली होती. मागून एका ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. बाईसाहेबांनी गॉगल नीट केला. मी तशीच पुढे निघून गेले, गावाबाहेर कापसाच्या जिनिंगजवळ एक मोकळं पटांगण होतं, तिथं गाडी उभी केली, उत्तरेला तोंड करून, आणि उन्हातून पिशवी घेऊन चालत आले.

"कशानं आली वं?" आईनं ओट्यावरूनच विचारलं.

"बसनं."

"गाडी?"

"यांनी नेली नागपूरले."

दुसऱ्या खेपेला गाडी बिघडलेली होती. तिसऱ्या खेपेला गाडीला काय झालं होतं ते मी वाटेत ठरवलं होतं, पण सांगायची वेळच आली नाही. आईनं मला जवळ बसवलं, माझा पदर हातात घेतला, नाकाशी नेला.

"बस कायवर चालते वं?"

"कायवर म्हणजे? डिझेलवर."

"हाव ना. दादाचं वावरातलं इंजिनबी डिझेलवरच चालते. तो घरात आला का मले डोळे मिटून समजते." तिनं पदर सोडला. "तुया पदराले तो वास नाई. येगळाच वास हाय."

मी पदर मांडीखाली सारला.

"कुठी ठेवली?"

"जिनिंगच्या पटांगणात."

"बाप्पा! तिथून पाई आली? तिन्ही डाव?" ती हसली नाही, रागावलीही नाही. "मागं घेता येत नाई ना?"

मी मान हलवली. तिशी ओलांडलेली, लेकराबाळांची बाई, शाळेत गणित चुकल्यासारखी बसले होते.

"मंग शिक ना," आई म्हणाली. "मी कुठी जाऊन राहिली?"

आत चहा घेताना वहिनी हळूच बोलली. म्हणाली, "तुमचं पोस्टकार्ड आलं का आई त्या दिवशी सकाळीच आंघोळ करते, चांगलं लुगडं नेसते, डोक्याले तेल लावते नि ओट्यावर जाऊन बसते. तिन्ही डाव हेच. मी म्हणलं, जाऊ द्या, गाडी नाई आली. त् म्हणते, येईन. पोरगी येईन म्हणते का गाडी येईन म्हणते, मले समजत नाई."

मी कप तसाच खाली ठेवला. बाईसाहेबांचा सगळा तोरा जिनिंगच्या पटांगणात उभा होता, आणि इकडे एक म्हातारी तीनदा नटून बसली होती.

निघताना मी गल्ली मोजली. मोजपट्टी मागितली असती तर सगळ्या गल्लीला कळलं असतं, म्हणून पावलाला पाऊल लावून नालीपासून ओट्यापर्यंत चालले, खाली बघत. समोरच्या काकू लगेच बाहेर.

"काय हरपलं वं?"

"कुडी," मी म्हटलं. तोंडाला आलं ते.

मग काय! काकू उतरल्या, त्यांची सून उतरली, शेजारचे गुरुजी चष्मा घेऊन आले. सगळे वाकून शोधायला लागले. मी त्या गर्दीत आपली पावलं मोजून घेतली. अकरा. मग काकूंनी कंबर धरत वर पाहिलं आणि ओरडल्या, "अवं, कानातच त् हाय दोन्ही!"

त्या गल्लीत मी पुढं कितीही मोठी झाले तरी 'कानातल्या कुडीवाली' राहिले.

आमच्या यांनी बगीच्यात नेऊन शिकवायचा प्रयत्न केला, अर्धा दिवस. "क्लच! क्लच म्हटलं! तो ब्रेक आहे!" मग ते उतरून गेले आणि संत्र्याच्या झाडांशी काहीतरी बोलत राहिले. हे सगळं बंडीवर बसून पाहत होते आमच्या बगीच्यातले मामा. बगीच्यातली संत्री बंडीनं पेट्या भरायच्या मांडवापर्यंत आणायचं काम त्यांचं. वय झालेलं, बोलणं कमी. मोटारीत ते जन्मात बसले नव्हते. पण बंडी मागे घेऊन मांडवाच्या काठाला अशी लावायचे की टोपली बंडीतून उचलायची आणि जागेवरून न हलता मांडवात ठेवायची.

ते खाली उतरून आले. "बाई, एक बोलू का? तुमी गाडीले ढकलून राहिल्या. तिचं तिले जाऊ द्या. तुमी नुसतं वळवा."

"मामा, तुम्हाले गाडी येते?"

"नाई बा. पण चाकं त् चारच हाय ना? माया बंडीले दोन चाकं नि दोन बैल. बैलाले मागचं दिसतबी नाई नि मागं जाची हौसबी नाई. तुमचं काम सोपं हाय."

फाल्गुनाचे दिवस होते, माल भरायचा हंगाम. रिकाम्या लाकडी पेट्या आणि त्यात घालायच्या तणसाचे, वाळल्या गवताचे, ढीग, दोन्हीची कमी नव्हती. मी अकरा पावलं मोजून दिली आणि मामांनी पेट्यांच्या दोन रांगा लावल्या. ही गल्ली. एकीकडे तीन-तीन पेट्या रचल्या, तो ओटा. दुसरीकडे नांगरानं एक चर ओढला, ती नाली.

संत्री निवडायला बसलेल्या बायांना बसल्या जागी तमाशा झाला. मी गाडीत चढले की त्यांच्यातली एक ओरडायची, "बाई आल्या वं! पाय वर घ्या!" आणि मागून कडाड् आवाज आला की सगळ्या मिळून, "पेटी गेलीऽऽ!" तणस उडायचं, माझ्या रुमालात, गॉगलवर. दुसऱ्याच दिवशी मी गॉगल काढून ठेवला. बरं झालं, नीट दिसायला लागलं.

मामांनी आधी मला गाडीतून उतरवलं आणि त्या गल्लीतून उलटं चालायला लावलं. मान वळवून, खांद्यावरून मागे बघत, हळूहळू. मग म्हणाले, "आता अशीच गाडीतनं जा. तेवढ्याच बेतानं." मी तोवर गाडी मागे घेताना श्वास धरून ठेवायची आणि एकदाची संपवून टाकायच्या घाईनं पाय दाबायची. चालताना समजलं की घाई करायचं काहीच कारण नाही. मागं बघायचं आणि जायचं. पुढचं तोंड उलट्या बाजूला फिरतं, तेही त्या दिवशी अंगात भिनलं.

राहिली डावी बाजू. उजवीकडे आरसा, मागे काच, पण ओटा डावीकडे. तिथं मला काही दिसायचं नाही. मामा गाडीभोवती दोनदा फिरले. मग कुंपणापाशी जाऊन एक लांब पऱ्हाटी घेऊन आले, कापूस वेचून झालेलं वाळकं झाड, आणि सुतळीनं मागच्या बंपरला डाव्या बाजूनं बांधली. वीतभर बाहेर.

"डावा डोळा नाई तुमच्या गाडीले. त् कान लावा. खर्र झालं का थांबाचं."

आणि खरंच, गाडी मागे जायला लागली, बाया पाय वर घेऊन बसल्या, आणि डावीकडून पेट्यांवर ती काडी घासल्याचा आवाज आला. खर्र. मी थांबले. उतरून पाहिलं तर पेट्यांची रांग जशीच्या तशी. ओट्यापासून वीतभर अंतर. निवडणाऱ्या बायांनी पाय खाली सोडले. एक म्हणाली, "आता काय पाहाचं मंग आपून?"

पुढचे आठ दिवस मी ते इतक्यांदा केलं की हात आपोआप वळायला लागले. ती काडी बांधूनच मी पांढुर्ण्यात हिंडायची. बाजारात पानवाला म्हणाला, "भाभी, गाडीले शेपूट फुटून राहिलं काय?" मी त्याच्या दुकानासमोर, दोन सायकलींच्या मध्ये, उलटी गाडी लावून दाखवली आणि चार घरं लांबच्या बाजारातून पहिल्यांदा गाडीनं भाजी आणली. तो दिवस दिवाळीसारखा गेला.

मग कार्ड टाकलं सौसरला. अमुक दिवशी येते. गाडीनं.

त्या दिवशी मी एकटीच निघाले. गल्लीच्या तोंडाशी पोचले तर आई लांबून दिसली, ओट्यावर, तेच चांगलं लुगडं. मी गाडी थोडी पुढे नेली, थांबले, मान वळवली आणि उलटी आत घ्यायला लागले. हॉर्न वाजवला नाही. तरी गल्लीला कळलंच. गुरुजींनी शेळी ओढून घेतली. समोरच्या काकूंनी पापडांची खाट आत नेली आणि तिथूनच सुरू झाल्या, "आनऽ दे, आनऽ दे! अवं नाली, नाली! इकडं! नाई, तिकडं!" दादा पुढे येऊन दोन्ही हात हलवत होता, एक हात ये म्हणत होता, दुसरा थांब. मी कोणाकडे बघितलं नाही. मान मागे, कान डावीकडे. एक ओटा गेला, दुसरा गेला. मग खर्र. आणि लगेच कट्, पऱ्हाटी आईच्या ओट्याच्या कोपऱ्यात अडकून मोडली. पण गाडी लागली होती. ओट्याला चिकटून. वीतभरही नाही.

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. बाईसाहेब घामाघूम, पण काय ते हसू चेहऱ्यावर! मी डावीकडे सरकून रुबाबात दार उघडलं. म्हणजे उघडायला गेले. दार दोन बोटं सरकलं आणि ओट्यावर आपटलं. ओटा दाराच्या खालच्या कडेपेक्षा उंच. दार उघडायला जागाच नव्हती.

आठ दिवस पेट्यांच्या ओट्याशी गाडी लावली, मामांनी, बायांनी, यांनी, सगळ्यांनी पाहिली. पण पेट्यांना कुठं गाडीत बसायचं होतं? दार उघडून बघायचं एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं!

आई ओट्यावरून माझ्याकडे बघत होती. काचेच्या इकडे मी, तिकडे ती, मध्ये एक हात. तिनं खिडकीतून आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "खिडकीतनं बसू का वं?"

आधी वहिनी हसली, मग काकू, मग मी. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. आई मात्र गंभीरपणे म्हणाली, "जाय. घे समोर. पुन्हा ये. मी बसली हाव."

मी गाडी पुन्हा पार मोठ्या रस्त्यापर्यंत नेली. आता काडी नव्हती. पण आश्चर्य म्हणजे भीतीही नव्हती. फजिती पहिल्याच खेपेला होऊन गेली होती, आता उरलं काय होतं? मी हळूहळू मागे आले. ओट्यापासून दीड हात सोडून थांबले. दादानं मध्ये एक पालथी पेटी ठेवली, आईच्या काखेत हात घातला, वहिनीनं पाय धरला, आणि आई गाडीत बसली. पाय लांब केला. पदर नीट केला. दार मी बंद केलं, स्वतः, तिच्यावरून हात लांबवून. तेवढं सुख मला दुसऱ्या कोणाला द्यायचं नव्हतं.

रामाकोन्याच्या वाटेवर ती काही बोलली नाही. मीच बोलत होते. हा गिअर, हा ब्रेक, इथं पेट्रोल किती ते दिसतं. मेली बोलायची थांबतच नव्हती ती बाई. आज वाटतं, गप्प बसून आईकडे नुसतं बघितलं असतं तरी किती बघून झालं असतं. गाडी मी नंतर वर्षानुवर्षं चालवली. यांना नेलं, लेकरांना नेलं, दवाखान्यात नेलं, लग्नांना नेलं. ती शेजारच्या सीटवर तेवढी एकदाच बसली. पुढच्या पावसाळ्याआधी ती गेली. हे तेव्हा कोणाला माहीत होतं? तिला असेल, तर तिनं मला सांगितलं नाही.

गावात शिरल्यावर तिनं बोटानं वाट दाखवली. डाव्या हाताला वळ. मारुती आला का उजवीकडे. आता सीधी. मग म्हणाली, "हळू," आणि मला आपोआप समजलं. मातीच्या भिंतीचं, चुना लावलेलं साधं घर. दार बंद. गल्ली अरुंद, पण सरळ. भिंत आमच्या डावीकडे.

"उतरशील?" मी विचारलं.

"नाई. जवळ घे."

मी गाडी भिंतीकडे घेतली. डावीकडचं मला काही दिसत नव्हतं, पण तिला दिसत होतं. काच खाली करून ती बाहेर वाकली होती.

"अजून घे. अजून. भिऊ नको, मी पाहून राहिली. अजून चार बोटं. बस!"

मी थांबले. तिनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि तळवा भिंतीला टेकवला.

"गाडी बंद कर," ती म्हणाली.

मी बंद केली. आतून भांड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी पाणी ओतत होतं. आई ऐकत होती. तिला काय ऐकू येत होतं, मला नाही सांगता येणार. थोड्या वेळानं दार उघडलं आणि एक बाई बाहेर आली, हात ओले. आमच्याकडे पाहून दचकली.

"कोण पायजे?"

"कोणी नाई, माय," आई म्हणाली. "भिंत पायजे होती."

त्या बाईनं आईच्या हाताकडे पाहिलं. तिला समजलं असावं. "या ना घरात," म्हणाली. "चहा मांडतो." आई म्हणाली, पाय नाई वाकत, राहू दे. त्या बाईनं आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, माझ्या खिडकीतून दिला, आई उजव्या हातानं घेऊन पाणी प्यायली. डावा हात भिंतीवरच.

मागून एक बंडी येऊन थांबली होती, कडब्यानं भरलेली. बंडीवाल्यानं कासरा ओढून धरला होता, पण बैल फुरफुरत होते. गल्ली आम्ही अडवून धरली होती.

"आई, निघावं लागते."

"हाव. चाल."

मी गाडी सुरू केली. मला वाटलं ती हात आत घेईल. तिनं घेतला नाही. मग मी पहिल्या गिअरमध्ये, क्लचवर पाय ठेवून, माणूस चालतो त्याहूनही हळू गाडी सोडली, भिंतीला चार बोटांवर धरून, सरळ. तिची बोटं चुन्यावरून घासत होती. खिडकी गेली, दार गेलं, पुढची भिंत आली. मागून बंडीवाला तेवढ्याच चालीनं येत होता. त्यानं एकदाही हाक दिली नाही. मी श्वास धरला नव्हता, घाई केली नव्हती. माझ्या आयुष्यात मी इतकी चांगली गाडी पुन्हा कधी चालवली नाही.

भिंत संपली. पुढे मोकळी जागा होती. आईचा हात तसाच बाहेर राहिला, पार गावाबाहेरच्या वळणापर्यंत, बोटांना पांढरा चुना लागलेला.